दारावरच्या कुडाळकरांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. दुपारच्या शोला ज्या म्हातारीशी तुम्ही मालवणीत बोलत बसलात, तिची मी मुलगी. हॉलमध्ये माणसंच इतकी कमी होती की आम्ही आठवणारच.

'थ्री ऑफ अस' ३ नोव्हेंबर २०२३ ला लागला आणि दिवाळीचे मोठे सिनेमे यायच्या आत त्याला जागा रिकामी करायची होती. आईला तो दाखवायचाच होता. गोष्ट वेंगुर्ल्यातली, आईचं माहेर तिथून जवळच मठला. आणि त्यातल्या शैलजाला जे विसरणं सुरू झालंय तेच आईचंही. घरचे म्हणाले, तिला काय कळणार, तिकिटाचे पैसे फुकट. आधी एका चकचकीत मल्टिप्लेक्सला गेलो, तर आम्ही वर पोचेपर्यंत शो रद्द. "मॅडम, बुकिंगच नाही, रिफंड येईल." आला रिफंड, खोटं कशाला बोलू? पण आईला पाच मिनिटं टेकायला खुर्ची मागितली, तर ती म्हणे पॉपकॉर्न घेणाऱ्यांसाठी. त्यांच्या पॉपकॉर्नच्या भावात आमच्या घरी दोन वेळचे बांगडे होतात.

मग तुमच्याकडे आलो. सिनेमाबद्दल काय सांगू? याच दिग्दर्शकाचा, अविनाश अरुण यांचा, 'किल्ला' मी पाहिला होता, तरी एवढी तयारी नव्हती. शेफाली शाहची शैलजा नवऱ्याला सोबत घेऊन लहानपणीच्या गावी जाते, तिथे जयदीप अहलावतचा प्रदीप कामत भेटतो. बँकेत नोकरी करणारा, भरतकाम करणारा गडी! कुणी ओरडत नाही, कुणी कुणाचा गुन्हेगार नाही. स्वानंद किरकिरेंनी केलेला नवरा सगळं बघतो आणि गप्प राहतो, तेच मला जास्त लागलं. शैलजा आणि प्रदीप आकाशपाळण्यात बसले तेव्हा माझा रुमाल कधीच भिजला होता. आई मात्र मध्येच मोठ्याने बोलत होती, "गो, ह्या आमच्याकडचा!" मागून कुणीतरी "श्श" केलं. तुम्ही बॅटरी घेऊन आलात. मला वाटलं, झालं, आता बाहेर काढणार. तुम्ही त्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलंत आणि परत दारावर गेलात. काय सांगितलंत हो?

पण खरं ते नंतरचं. सिनेमा संपला, लाइट लागले, आई उठेना. झाडूवाल्या मावशी आत आल्या, त्यांना तुम्ही हातानेच थांबवलंत आणि आईच्या शेजारी पायरीवर बसलात.

"आये, तुमचो गाव खंयचो? मी कुडाळचो."

आईने गाव सांगितलं. मग एक नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव आजवर कुणी ऐकलेलं नाही. तो सायकलवरसून येय, म्हणाली. मी तिला गप्प करणार होते, पुढचा शो होता ना. तुम्ही नुसतं विचारलंत, "मगे?"

"मगे काय? लगीन झाला माझा."

एवढं बोलून तिने तुमच्या हातातली बॅटरी घेतली, दोनदा पेटवून बघितली आणि उठली.

त्या एका "मगे?"चे आभार मानायला हे पत्र. आईचे डॉक्टर फाईल बघतात, नातेवाईक घड्याळ बघतात, आणि मीसुद्धा तिचं वाक्य तिच्या आधी पूर्ण करते. पुढे काय झालं, हे तिला कितीतरी दिवसांत कुणी विचारलेलं नव्हतं. तुमच्या पगारात ते काम बसत नाही. मुंबईत माणुसकी उरली नाही म्हणणाऱ्यांना लोकलच्या गर्दीत कुणीतरी हात देऊन आत ओढलेलं असतंच, पण ते तेवढ्यापुरतं. शो लागायच्या घाईत कुणाच्या तरुणपणाची चौकशी करत बसायला निराळी सवड लागते, आणि ती घड्याळात नसते.

ते नाव मी आईला परत विचारलं नाही. तिला आता सिनेमाही आठवत नाही. "तो कुडाळचो झील" मात्र आठवतो. तुमची पन्नाशी उलटली असेल, तरी तिच्यासाठी पोरगाच, झीलच.

गावाहून कोकमाचं आगळ आलंय. एक बाटली तिकीट खिडकीवर देऊन ठेवली आहे, वर "दारावरचे कुडाळकर" एवढंच लिहिलंय. झाकण थोडं सैल आहे, पिशवी आडवी ठेवू नका.