‘जेनेसिस’ फसले म्हणू नका

महोदय,
‘आदित्य एल-१’चा विषय निघाला की मला नासाचे ‘जेनेसिस’ यान आठवते. त्याला फसलेली मोहीम म्हणणे मला पटत नाही. त्याच एल-१ बिंदूपाशी (पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या, यानाला स्थिर राहणे सोपे जाणाऱ्या जागेपाशी) राहून यानाने सिलिकॉन, सोने, नीलम यांच्या अतिशुद्ध चकत्यांवर दोन वर्षांहून अधिक काळ सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या झोताचे, कण टिपले. ८ सप्टेंबर २००४ रोजी हे नमुने घेऊन परतणारी कुपी हेलिकॉप्टरने हवेतच झेलायची होती. पण वेग मंदावल्याचे ओळखणारे संवेदक उलटे बसवलेले (एवढ्या मोठ्या मोहिमेत!), त्यामुळे पॅराशूट उघडलेच नाही आणि कुपी अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात आदळली. शास्त्रज्ञांनी चिखलमातीतून तुकडे वेचले, धुतले. त्यांतूनच २०११ मध्ये कळले, की सूर्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळे आहे.

– एक वाचक, पुणे