हाडावरचा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरमध्ये स्कॅनचे अहवाल हल्ली डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या मोबाइलवर पोहोचतात. ‘मेटास्टॅसिसची शक्यता’, म्हणजे कर्करोग शरीरात पसरला असण्याची शक्यता, एवढेच वाचून रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंकडे दोन दिवस चूल पेटली नाही. बोन स्कॅनमधले किरणोत्सर्गी टेक्नेशियम जिथे हाड नव्याने घडत असते तिथे साचते, मग कारण कर्करोग असो, भरून येणारे फ्रॅक्चर असो वा निव्वळ दाह. पेट-सीटी या दुसऱ्या स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सर्गी साखरही दाहाच्या पेशी ओढून घेतात.

काकूंचे डाग गळपट्टीची हाडे छातीच्या मधल्या हाडाला मिळतात तिथे, दोन्ही बाजूंना होते. तळहातांवर वारंवार उठणारे पुवाचे बारीक फोड त्यांनी ‘भांड्यांच्या साबणाचे’ म्हणून सोडून दिले होते, आणि ते कोणी विचारलेही नव्हते. फ्रेंच डॉक्टरांनी १९८७ साली ‘सॅफो’ हे नाव दिलेल्या दाहाच्या विकारात हाड आणि त्वचेची ही जोडी आढळते व स्कॅनवर शिंगांसकट बैलाच्या डोक्यासारखी आकृती उमटू शकते. डाग मणक्यांत असतील तर आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. तो बहुधा दोन मणक्यांमधली चकती पोखरतो, कर्करोग सहसा ती शाबूत ठेवतो.

अर्थात चित्रावरून कर्करोग नाकारणेही तितकेच धोक्याचे. शंका उरल्यास बायोप्सीला पर्याय नाही. तपासणी केंद्रांनी किमान अर्जात त्वचाविकार, जुनी दुखापत आणि क्षय यांची विचारणा करावी व रुग्णांनी जुन्या फिल्म सोबत न्याव्यात, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, इंदूर