अकोल्याचं लग्न आणि ओआरएसची पाकिटं

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

अकोल्याची तिकिटं मी रद्द केली आहेत. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता आणि आई रात्री जेवली नसती, म्हणून लिहिते आहे. बंडूमामाशी बोलले, तो रागावलेला नाही. ऐन नवतप्यातलं, मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हातलं लग्न, त्यात वरात दुपारची, आणि मूर्तिजापूरला काय झालं ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. आहेर मी पोचवते. नवरा-नवरी पावसाळ्यात तुमच्या पाया पडायला नागपूरला येणार, हेही ठरवून टाकलंय. कूलरची खस बदलायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिले आहेत.

कुरिअरने ओआरएसची, म्हणजे जुलाब-उलट्यांत प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची, पाकिटं येतील. बाबा, ‘मला शुगर आहे’ म्हणून ती कपाटात टाकू नका. नुसतं मीठ आतड्यात नीट शोषलं जात नाही. ग्लुकोज सोबत असलं की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. म्हणून ती साखर लागतेच. अख्ख्या लिटरमध्ये ती १३.५ ग्रॅम, थंड पेयाच्या छोट्या बाटलीतही याहून जास्त असते. जुलाब-उलट्या असतील त्या दिवशी मशीनवर शुगर तपासत राहा, एवढंच.

आणि ‘सलाईन चढवल्याशिवाय काही खरं नाही’ हेही सोडा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. ३० टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यू ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आई, तुला हे शिकवायला नको. मला जुलाब झाले होते तेव्हा रात्रभर वाटी-चमचा घेऊन तूच बसली होतीस. मी तोंड फिरवलं की हनुवटी धरून, ‘एवढा एकच, मग झोप.’ तो एकच चमचा पहाटेपर्यंत संपला नाही. आता बाबांची हनुवटी धर, आणि स्वतःचीही. वय झालं की तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट पाहू नका.

पाकीट एकदम, अख्ख्या लिटरभर पाण्यात. अर्धं आज, अर्धं उद्या असं नाही. वरून साखर, मीठ, लिंबू काही नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं, जीव तुटला तरी. घोट घोट प्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पाकीट संपलंच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून. पोह्यांत तुझा अंदाज कधी चुकत नाही, पण इथे जास्तीचं मीठ अपाय करतं.

मात्र हे रोजचं सरबत नाही. त्यात मीठ आहे आणि बाबांना बीपी. एरवी माठातलं पाणी, ताक, पन्हं पुरे. जुलाब-उलट्या झाल्या, घामाने अंग गळून गेलं, लघवी पिवळीजर्द झाली, उठताना भोवळ आली, तर ओआरएस. लघवी होतच नसेल, पोटात काहीच टिकत नसेल, तर सरळ दवाखाना. अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. तोंडात काही ओतायचं नाही, गार पाण्याने अंग भिजवायचं, पंखा लावायचा आणि १०८ ला फोन.

सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बर्डीच्या बाजारात जायचं नाही, बाबा. बँकेचं काम मला सांगा, इथून होतं. पेपर घरी वाचा, चहा आई देईल. तुम्हाला कोंडून ठेवते असं वाटेल, पण पाऊस लागला की मीच येऊन तुम्हाला अकोल्याला नेईन.

एक राहिलं. बाबांची जी लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी आहे, ती जुलाब-उलटीच्या दिवशी घ्यायची की थांबवायची, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मनाने बंद करू नका. शनिवारी फोन करेन तेव्हा मला उत्तर हवंय.

तुमची,
मनू