प्रदर्शनाची सदोष मांडणी आणि विश्वासाने दिलेल्या पत्रांची हेळसांड

प्रति,
व्यवस्थापक, प्रदर्शन मांडणी विभाग

विषय : लोकसंग्रहालयातील समकालीन कला प्रदर्शनाबाबत तक्रार

महोदय,

या प्रदर्शनाच्या मांडणीचे कंत्राट आपल्या कंपनीकडे आहे, म्हणून पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. प्रत संग्रहालयाच्या कार्यालयात दिली आहे.

मधल्या दालनातल्या मांडणशिल्पासाठी (वस्तू मांडून उभारलेल्या कलाकृतीसाठी) परिसरातल्या अनेक घरांनी जुनी पत्रे, फोटो, वह्या दिल्या. त्यात माझ्या आजीची हस्तलिखित पत्रे आहेत. वस्तू घेताना आपल्या प्रतिनिधीने जो फॉर्म भरून घेतला त्यात मालकाचे नाव पाटीवर येईल आणि प्रकाश मर्यादित ठेवला जाईल, असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात पाटीवर ‘संमिश्र माध्यम, संग्रह : कलाकार’ एवढेच छापले आहे. कलाकाराने उद्घाटनाच्या वेळी आम्हा सगळ्यांचे आभार मानले होते, तेव्हा ही चूक त्यांची असेल असे वाटत नाही.

नावाचे एक वेळ सोडून देऊ, पाटी बदलता येते. प्रकाशाचे तसे नाही. कागद, शाई आणि फोटो यांच्यासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा संग्रहालये पाळतात. तेलरंगातल्या चित्राला २०० लक्सपर्यंत चालते, पत्राला नाही. माझ्या आग्रहावरून तिथल्या कर्मचाऱ्याने मीटर लावला, तर आकडा ३०० वर. शिवाय बाजूच्या खिडकीला पडदा नाही, म्हणजे अतिनील किरणेही आलीच. प्रकाशाची झीज साचत जाते. सहापट उजेडात सहा महिन्यांचे नुकसान एका महिन्यात होते आणि उडालेली शाई कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. हे मी आपल्या पर्यवेक्षकांना सांगितले, तेव्हा “दिवे कमी केले तर दालन निस्तेज दिसेल” असे उत्तर मिळाले. दालन कशासाठी उजळायचे, हे त्यांनी ठरवलेले दिसते!

पलीकडची कलाकृती प्रेक्षकांनी चिठ्ठी लिहून खुंटीला अडकवावी म्हणून केलेली आहे. आपण तिच्याभोवती दोरी बांधली आहे आणि ‘हात लावू नये’ अशी पाटीही लावली आहे. अमेरिकन कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांच्या १९९१ च्या कलाकृतीत खाण्याच्या गोड गोळ्यांचा ढीग असतो आणि बघणाऱ्याने त्यातली गोळी उचलून न्यायची असते. त्याला दोरी बांधली तर उरतो फक्त गोळ्यांचा ढीग. इथे तर खुंट्या रिकाम्या आहेत, आणि लोक ‘हे काय, नुसत्या खुंट्या?’ म्हणत पुढे जातात. नव्या कलेवर असा शेरा बसतो तो अशाने.

व्हिडिओच्या खोलीत बसायला बाक नाही, चित्रफीत किती मिनिटांची ते लिहिलेले नाही, आणि शेजारच्या कलाकृतीचा आवाज तिथे घुमतो.

माझ्या मागण्या अशा : पत्रे आणि फोटोंवरचा उजेड आजच ५० लक्सवर आणावा, खिडकी झाकावी, वस्तू देणाऱ्या प्रत्येकाचे नाव पाटीवर घालावे, आणि दोरी काढण्याबाबत कलाकाराशी बोलावे. पत्रांची आजची स्थिती तपासून लेखी अहवाल मला द्यावा. वस्तू घेताना केलेल्या नोंदीशी तो ताडून पाहता येईल.

या आठवड्यात दिवे बदलले नाहीत, तर फॉर्ममधल्या कलमानुसार मी पत्रे परत घेईन. त्या जागी काय ठेवायचे, ते कलाकाराला विचारून आपणच ठरवावे.

सोबत : फॉर्मची प्रत, मीटरच्या आकड्याचा फोटो.

आपली,
संग्रहालयाची सभासद व पत्रांची मालक