‘लागेल तिथे वापरा’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंचायत समितीच्या लेखा विभागातून २०१६ साली निवृत्त झाल्यापासून मी धारूर तालुक्यातल्या एका लहान संस्थेचे हिशेब विनामोबदला लिहिते. संस्थेत पाच माणसे आणि भाड्याच्या दोन खोल्या. काम ऊसतोड कुटुंबांमध्ये. आईबाप कारखान्यावर गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये, एकट्या बायकांची निराधार योजनेची प्रकरणे मार्गी लागावीत, टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बाईची नोंद तिकडच्या आरोग्य केंद्रात व्हावी, असे. नोकरीभर मी लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाची ठरवून दिलेली हेड, सांभाळली. आज पाहते तर आमच्या संस्थेचे काम लेखाशीर्षांपाशीच अडते.

एप्रिल २०२० मधली गोष्ट सांगते. टाळेबंदीत आमच्या गावांतल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अडकल्या होत्या. कार्यकर्तीला दिवसाला पन्नास-साठ फोन येत. कुणाचे धान्य संपलेले, कुणाच्या लेकराला ताप. त्या वेळी आमच्याकडे एका कंपनीचा शिलाई प्रशिक्षणाचा प्रकल्प होता आणि त्यात प्रवास व साहित्य या हेडखाली ३८ हजार रुपये शिल्लक होते. प्रशिक्षण तर बंदच पडलेले. ते पैसे धान्य-औषधांकडे वळवू द्या, अशी आम्ही मेलवर विनंती केली. उत्तर यायला १९ दिवस लागले. मंजूर अंदाजपत्रकाबाहेर खर्च करता येणार नाही, शिल्लक परत करावी, असे ते उत्तर होते.

ते १९ दिवस निभावले अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांच्या २५ हजारांवर. पावती फाडताना ‘देणगी कशासाठी’ असे विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘लागेल तिथे वापरा.’ मी पावतीवर तेच शब्द लिहिले. त्यातले ६,२०० रुपये फोनच्या रिचार्जवर गेले. टोळीतल्या माणसांचे फोनही आम्हीच चालू ठेवले, कारण त्यांचा फोन बंद पडला की माणूस हरवल्यासारखेच. एका ओल्या बाळंतिणीची औषधे आणि तिला तळावरून दवाखान्यात नेणाऱ्या जीपचे डिझेल त्यातूनच झाले. पुढे ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी सरकारने दिली, तेव्हा कोणत्या गावचे किती कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) कुठे आहेत याची यादी आमच्याकडे तयार होती. एरवी कोणत्या अंदाजपत्रकात ‘यादी तयार ठेवणे’ असे हेड असते? त्या व्हाउचरांची फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. गावोगाव ओट्यावर बसून बोलणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कानावर हे कितीतरी आधी आले होते. बाई विश्वासाने बोलायला लागायला दोन-तीन वर्षे जातात. आमचा प्रकल्प मात्र ११ महिन्यांचा असतो.

‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालणार नाही,’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकले आहे. कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, म्हणजे सीएसआरच्या, कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती संबंधितांनी कृपया पुन्हा वाचावी. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन, तिचा एसटीचा प्रवास हा प्रकल्पाचाच खर्च आहे. प्रकल्प बहुवार्षिक मंजूर केला, तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवण्याची मुभाही कायद्यात आहे. सीएसआरचा पैसा संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायमच्या निधीत, देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका हेडमधून दुसऱ्या हेडमध्ये निदान २० टक्के रक्कम न विचारता वळवायची सवलत करारात लिहायला काय हरकत आहे?

पूर्वी मुंबईची एक मोठी संस्था तिच्या परदेशी निधीतून आम्हाला थोडे पैसे देत असे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांबाबतचा एफसीआरए कायदा बदलला, असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि ती वाट बंद झाली. त्यामुळे आता भिस्त आहे ती आपल्याच लोकांवर.

आपल्याकडे सप्त्याची वर्गणी देताना कुणी ‘माझे पाचशे फक्त साखरेला वापरा’ असे म्हणत नाही. पंचांवर विश्वास असतो, आणि सप्ता उठल्यावर देवळात हिशेब वाचून दाखवतात. आम्हीही दरवर्षी सीएकडून तपासलेला हिशेब धर्मादाय कार्यालयात देतो. कुणीही यावे, मी वह्या उघडून दाखवीन. संस्थेला देणगी देताना मात्र लोक शिलाई मशीन, दप्तरे, पाण्याचे फिल्टर विचारतात, कारण त्यावर नाव घालता येते. दप्तरे जरूर द्यावीत. पण ज्या घरात आजीजवळ दोन नातवंडे सोडून सून तोडीला गेली आहे, तिथे दर आठवड्याला जाणारी बाईसुद्धा कुणीतरी द्यावी.

ती बाई आमच्याकडे आहे. महिना ९ हजारांवर सात वर्षे काम करते. मागचा प्रकल्प मार्चअखेर संपला, नव्याचा पत्ता नाही, आणि एप्रिलपासून तिचे मानधन आम्ही देऊ शकलेलो नाही. तरी ती येते. तिचे वर्षाचे १ लाख ८ हजार होतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतील. त्याआधी तिला गावागावांत फिरून मागे राहणाऱ्या मुलांची यादी करायची आहे.

आपली,
एका संस्थेची हिशेबनीस,
धारूर, जि. बीड