चुन्याला वेळ द्या, मंत्रिमहोदय

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी ठाण्यात राहतो. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणारा वास्तुविशारद आहे. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या कौलारू इमारतीची पाहणी करायला मला बोलावलं होतं. चारच वर्षांपूर्वी दुरुस्ती झालेली, तरी ओल हटत नव्हती. बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठोकलं, तर भद्द आवाज आला. सिमेंटच्या गिलाव्याचा पोपडा हातात आला आणि मागची वीट क्षारांनी पांढरी पडलेली दिसली. बोट फिरवलं तशी ती रव्यासारखी झडली. वरच्या सागवानी तुळईचं भिंतीत बसलेलं टोक तपासायला गेलो, तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

ज्या भिंतीने चुन्यात कित्येक पिढ्या काढल्या, तिची चार वर्षांच्या सिमेंटने ही गत केली. आपल्याकडच्या पावसात जुनी भिंत पाणी पिणारच. चुन्याचा गिलावा ते पाणी उन्हाळ्यात बाहेर सोडतो, सिमेंट ते कोंडून ठेवतं. मग क्षार विटा खातात आणि ओलाव्यात लाकूड कुजतं. गिलावा गेला तर पुन्हा करता येतो, पण वीट गेली की मूळ इमारतच गेली.

मी गवंड्याला दोष देत नाही. त्याच्या हाती दिलेल्या निविदेत ‘गिलावा, सिमेंट-वाळू’ एवढंच लिहिलेलं होतं आणि मुदत तीस दिवसांची. कळीचा चुना विरवून आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरवावा लागतो. त्यात विटांची पूड, म्हणजे सुर्खी, घालून तो चुन्याच्या घाण्यात मळायचा आणि पातळ थर देत जायचं. लावल्यावरही तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. हे तीस दिवसांत होणार कसं? सगळ्यात कमी दर भरणाऱ्याकडून तर नाहीच.

ठाण्याला अशा जुन्या भिंती परक्या नाहीत. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली. अशा भिंतीचा दगड बदलून नवा बसवला, की आपल्या हाती नुसती जागा उरते. नव्या मुंबईत बेलापूरच्या किल्ल्याचे थोडेच अवशेष उरलेत, तिथे चुकायला वावच नाही.

माझी मागणी मोठ्या निधीची नाही. वारसा इमारतींच्या दुरुस्तीला शाळेच्या संरक्षक भिंतीचे नियम लावू नका. अंदाजपत्रक करण्याआधी जतनतज्ज्ञ वास्तुविशारदाची पाहणी सक्तीची करा. मूळ चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मगच मिश्रण ठरू द्या. चुन्याच्या कामाचा अनुभव असलेले कारागीर कंत्राटदाराकडे आहेत का, हे दर उघडण्याआधी बघा. असे हात आता फार थोडे उरलेत. त्यांच्याकडे चार पोरं शिकायला ठेवण्याचा खर्च त्याच कामात धरा.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याच पातळीवर होऊ शकते. निधी मार्चअखेर सुटतो, काम एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात घाईने उरकलं जातं. त्या उन्हात चुना भराभर सुकून तडकतो आणि लगेच डोक्यावर पाऊस येतो. कार्यादेश गणपतीच्या सुमाराला निघू द्या. दसऱ्याला पाऊस सरेल, तोवर आम्ही टाकीत चुना भिजत घालून ठेवू.

आपला,
ठाण्यातील एक वास्तुविशारद