काळ्या पाण्याचं पान
(मंत्रीमहोदयांना खुले पत्र)

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी आपल्या खात्याचं पत्र आलं. ‘सदर व्यक्तीचे नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत आढळून येत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सही वाचता येत नाही. शिक्का मात्र ठळक आहे.

अहो, पण तो स्वातंत्र्यसैनिक होता असं म्हटलंय कोणी? माझ्या पणजोबांचा तो धाकटा भाऊ. १८७७च्या दुष्काळात सावकाराचं पेव फोडणाऱ्यांत होता, हाणामारीत सावकाराचा गडी मेला. वय सतरा. जन्मठेप, काळं पाणी. ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानला नेला एवढंच घरात माहीत आहे. पेन्शन नको, ताम्रपट नको, चौकाला नाव नको. तुरुंगाच्या वहीतली त्याच्या मरणाची तारीख तेवढी हवी. तिथी मी पंचांगात काढीन. तिथी ठाऊक नाही म्हणून आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं वाढतात. त्याला ‘काळ्या पाण्याचं पान’ म्हणतात. आता ते मी वाढतो.

आमच्या जिल्ह्यातल्या सभेत आपणच म्हणाला होतात, काळ्या पाण्यावर गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाची नोंद घरबसल्या बघता येईल. मी दुसऱ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या. त्या परत घेता येत असतील तर कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा?

तेव्हापासून चौदा फेऱ्या झाल्या. बायको म्हणते सोळा. गुडघ्याची वाटी बदललेली, दफ्तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब रजेवर, एकदा साहेबच बदललेले. एकाने विचारलं, “आजोबा, एवढ्या जुन्या माणसाचं करायचंय काय?” दुसऱ्याने आधार कार्ड मागितलं. माझं नव्हे, त्याचं!

मुलगा मेलबर्नला असतो. त्याने मला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं पोर्ट आर्थर दाखवलं, इंग्रजांची कैद्यांची जुनी वसाहत. तिथून खाडीपलीकडे पॉइंट प्युअर दिसतं. १८३४ ते १८४९ या काळात इंग्रजांनी आपल्याच देशातली गुन्हेगार ठरवलेली सुमारे तीन हजार पोरं तिथे ठेवली, काही तर नऊ-दहा वर्षांची. भुरट्या चोऱ्या करणारी. पण त्या वसाहतीतल्या कैद्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, सगळं लिहिलेलं आहे आणि ते घरबसल्या कुणालाही वाचता येतं. शेजारी एक बाई आपल्या खापरपणजोबाची नोंद मोबाइलवर बघत होती. चोराचीच हो, पण तिला लाज नव्हती. मला तिचा हेवा वाटला.

कारकून त्याच साम्राज्याचे. मग आमच्या पोराचं काय ते गोऱ्यांनी लिहिलंच नसेल? लिहिलं असणार. कुठे ते सांगायला आपल्याकडे माणूस नाही, किंवा आहे आणि तो मीटिंगला आहे. सेल्युलर जेल बघायला गेलात की फोटो येतात. ते जेल १९०६ साली बांधून झालं. कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली १८५८ साली. मधल्या पन्नास वर्षांत गेलेल्या खुनी, दरोडेखोर, भुकेल्या पोरांसाठी भाषण नाही, कारण त्यांच्यात मत नाही.

काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ साली कायद्यातून काढली. ते परिपत्रक आपल्या कचेऱ्यांत पोहोचलेलं दिसत नाही. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला माझ्या भावाची नऊ वर्षं गेली. दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. मी जिवंत आहे हे सरकारला दरवर्षी पटवावं लागतं, आणि ज्याला सरकारनेच नेलं तो कधी मेला हे सरकार सांगत नाही.

अर्ज पुन्हा जोडला आहे, तीन प्रतींत. भाद्रपद संपायच्या आत उत्तर आलं तर बरं. नाहीतर पान वाढायचंच आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
जि. सातारा